क्रीडासंघाचे स्थलांतर : मैदान कोणाचे, आसने कोणाची

जत संस्थानच्या डफळे अधिपतींनी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात ऑस्ट्रेलियाचा विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट ह्यास क्रिकेटचा शिक्षक म्हणून पाचारण केले होते. सांगलीत १९१५ साली जन्मलेल्या विजय हजारे ह्यांस ग्रिमेटचे मार्गदर्शन लाभले ते ह्याच राजाश्रयामुळे. पर्जन्यछायेतील एका लहानशा संस्थानात असा योग जुळून यावा, ह्याचे नवल वाटणे साहजिक आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. त्या व्यवस्थेत मैदान, खेळाडू, शिक्षक आणि प्रेक्षकांची आसने ह्या सर्वांचा भार एकाच धन्याच्या खजिन्यावर होता. आसनावर कोणी बसावे हे अधिपती ठरवीत, आणि त्याबद्दल कोणाकडे दाद मागण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. खेळाचा कारभार तोवर आकारास आलेल्या निर्वाचित संघटनांकडे गेला आणि सांगली, सातारा, पुणे इत्यादी जिल्ह्यांचे क्रिकेट महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या छत्राखाली चालू लागले. संघटनेजवळ खेळाडू होते, सामने भरविण्याचा अधिकार होता. मात्र आंतरराष्ट्रीय सामना भरविण्याजोगे स्वतःचे मैदान नव्हते. जे एका हाती होते ते दोन हातांत विभागले गेले, आणि क्रीडासंघांच्या स्थलांतराचा जो प्रश्न पुढे अनेकदा उपस्थित झाला त्याचे मूळ ह्या विभागणीत आहे.

एखादा क्रीडासंघ जुने मैदान सोडून नव्या प्रेक्षागारात जाण्याचे ठरवितो तेव्हा त्याची कारणे सामान्यतः एकाच साच्यातील दिली जातात. जुनी जागा अपुरी पडते, सोयी जुनाट झाल्या आहेत, नव्या काळाला नवे प्रेक्षागार हवे, असे सांगितले जाते. ही कारणे खोटी नसतात. तथापि ती पुरेशीही नसतात. जागा अपुरी पडली तर ती वाढविता येते आणि सोयी सुधारता येतात. असे असता प्रचंड कर्ज काढून गावाबाहेर नवी इमारत उभारण्यापर्यंत मजल का जाते? महाराष्ट्रातील दोन ठळक उदाहरणे तपासली असता असे दिसते की, तंटा खेळपट्टीवरून किंवा भाड्यावरूनही क्वचितच झाला. तो झाला तिकिटांच्या आणि पासांच्या वाटपावरून.

ह्यामागील अर्थशास्त्र अवघड नाही. महत्त्वाच्या सामन्याची आसने मोजकी आणि इच्छुक पुष्कळ असतात. तिकिटाची किंमत मागणीच्या प्रमाणात वाढविली तर सर्व आसने श्रीमंतांच्या वाट्यास जातील आणि लोकांचा रोष ओढवेल, म्हणून संघटना ती बरीच खालच्या पातळीवर ठेवते. परिणामी तिकिटावर छापलेली किंमत आणि ते मिळविण्यासाठी प्रेक्षक जी द्यावयास तयार असतो ती किंमत ह्यांत मोठे अंतर पडते. हे अंतर कोणाच्याही हिशेबवहीत दिसत नाही. पण ते नाहीसेही होत नाही. ज्याच्या हाती तिकिटाचे वाटप असते त्याच्या पदरात ते उपकाराच्या रूपाने पडते. नगरसेवकाने मतदारास, क्लबाने सभासदास, संघटनेने संलग्न जिल्ह्यास वा हितचिंतकास दिलेले तिकीट म्हणजे ह्या अदृश्य लाभाचेच वाटप होय. मैदानाचा मालक एक आणि सामन्याचा यजमान दुसरा असला की दोघेही ह्या लाभावर हक्क सांगतात. मालक म्हणतो, आसने आमची. यजमान म्हणतो, ज्यासाठी लोक येतात तो सामना आमचा. भाड्याचा आकडा वाढवून किंवा घटवून हा वाद मिटत नाही, कारण वादाचा विषय पैशात मोजलेला नसतोच.

महाराष्ट्रातील वाचकास ह्या संबंधाची कल्पना येण्यासाठी जमीनमालक आणि कूळ ह्यांच्या नात्याकडे पाहावे. मुंबईच्या १९४८ च्या कूळकायद्याने आणि विशेषतः १ एप्रिल १९५७ ह्या कृषकदिनाने कसणाऱ्यास जमिनीच्या मालकीचा मार्ग खुला केला. क्रीडांगणाच्या कुळास असा कोणताही कायदा उपलब्ध नाही. खेळेल त्याचे मैदान, हे तत्त्व आजवर कोणत्याही विधिमंडळाने मांडलेले नाही. म्हणून येथील कुळापुढे दोनच वाटा उरतात : मालकाच्या अटी मान्य करणे किंवा मैदान सोडून जाणे.

मैदान सोडून जाणाऱ्या कुळाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील लिव्हरपूल शहराचे आहे. तेथील एव्हर्टन हा फुटबॉल क्लब १८८४ पासून अ‍ॅनफील्ड मैदानावर खेळत असे, आणि १८९१ मध्ये त्याने लीगचे विजेतेपदही मिळविले होते. जागेचे व्यवहार जॉन होल्डिंग ह्या मद्यव्यावसायिकाच्या हाती होते आणि तो क्लबाचाही एक प्रमुख होता. क्लबाची कीर्ती वाढली तसे भाडे वाढले, मैदानावरील पेयविक्रीचा हक्कही त्याने आपल्याकडे राखला, आणि १८९२ मध्ये बहुसंख्य सभासदांनी बिऱ्हाड हलवून जवळच गुडिसन पार्क उभारला. होल्डिंगजवळ मैदान उरले, संघ उरला नाही. तेव्हा त्याने त्याच वर्षी नवा संघ स्थापन केला. तोच आजचा लिव्हरपूल फुटबॉल क्लब. मालकाने मैदानासाठी संघ निर्माण करावा, हा प्रकार क्रीडेतिहासात विरळाच म्हणावा लागेल. येथे वाद भाड्यावरून झाला, तिकिटांच्या पासांवरून नव्हे, हा फरक दृष्टीआड करता येत नाही. लीगचा सामना पंधरवड्यास एक ह्या प्रमाणात भरतो, आणि दरवाजावर पैसे देऊन आत जाणाऱ्या प्रेक्षकांचे उत्पन्न मोजता येते. म्हणून तेथील भांडणही मोजता येण्याजोग्या रकमेचे झाले.

मुंबईतील प्रकार ह्याहून निराळा आणि अधिक गुंतागुंतीचा आहे. भारतातील पहिला कसोटी सामना १९३३ च्या डिसेंबरात बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने बॅकबेमध्ये समुद्र हटवून तयार झालेल्या भूमीपैकी सुमारे ९०,००० चौरस यार्ड जागा, चौरस यार्डास साडेतेरा रुपये ह्या भावाने, सरकारकडून घेतली. केवळ जमिनीचीच किंमत बारा लाखांवर जाते. १९३६ मध्ये कोनशिला बसली आणि १९३७ च्या डिसेंबरात माजी गव्हर्नरांच्या नावाचे ब्रेबर्न स्टेडियम खुले झाले. पंचरंगी सामने जिमखान्यावरून ब्रेबर्नवर आले, आणि पहिल्याच वर्षी हिंदू संघाने स्पर्धेतून अंग काढून घेतले. कारण होते हिंदू जिमखान्याच्या वाट्यास येणाऱ्या आसनांची संख्या. नव्या प्रेक्षागाराचा रंगही वाळला नव्हता, तोच आसनांच्या वाटपाने आपले स्वरूप प्रकट केले. पुढे ह्याच मैदानावर १९४३ च्या पंचरंगी सामन्यात हजाऱ्यांनी ‘शेष’ संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ काढल्या, ही गोष्ट क्रिकेटरसिकांच्या स्मरणात आहे. त्या तुलनेत हिंदू जिमखान्याच्या आसनांचा वाद आज फारसा कोणास आठवत नाही. पण त्या मैदानाचे भवितव्य त्या वादानेच सूचित केले होते.

१९४८ पासून ब्रेबर्नवर कसोटी सामने होऊ लागले. मैदान क्लबाचे आणि सामना मुंबई क्रिकेट संघटनेचा, अशी ही व्यवस्था पाव शतक टिकली. संघटनेस अनेक संलग्न क्लबांची गरज भागवावयाची होती. क्रिकेट क्लबास आपल्या सभासदांचा हक्क प्रथम वाटे. सभासदांस मिळणाऱ्या आसनांमुळे संघटनेच्या वाट्यास उरणारा भाग तिला नेहमीच तोकडा भासला. दोन्ही बाजूंनी प्रतिष्ठित माणसे होती, आणि बोलणी फिसकटण्यास प्रतिष्ठेइतके सोयीचे कारण दुसरे नसते. ह्या वादाची हकीकत वेगवेगळ्या प्रकारे सांगितली जाते, पण आसनांचे वाटप हा धागा सर्वांत समान आहे. १९७३ च्या फेब्रुवारीतील इंग्लंडविरुद्धचा सामना हा ब्रेबर्नवरील त्या पर्वातील अखेरचा कसोटी सामना ठरला. संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे हे राज्याच्या राजकारणातील वजनदार गृहस्थ होते. त्यांच्या पुढाकाराने चर्चगेट स्थानकानजीक, ब्रेबर्नपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, नवे स्टेडियम वर्षभराहून थोड्या अधिक काळात उभे राहिले. २३ जानेवारी १९७५ रोजी तेथे वेस्ट इंडीजविरुद्धचा कसोटी सामना सुरू झाला. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या. त्याच्या अभिनंदनासाठी मैदानात धावलेल्या प्रेक्षकास पोलिसांनी मारहाण केल्यावरून दंगलही झाली.

इतक्या जवळ दुसरे प्रेक्षागार बांधणे हा समाजाच्या दृष्टीने अपव्यय नव्हता काय? केवळ आसनसंख्येच्या हिशेबाने पाहिले तर होता. एकाच शहराच्या एकाच भागात दोन प्रेक्षागारे, आणि वर्षातून कसोटी सामना फार तर एखादा. कोणताही नगररचनाकार हा आराखडा मान्य करणार नाही. परंतु संघटनेने विकत घेतली ती आसने नव्हती, आसनांच्या वाटपाचा अधिकार होता, आणि त्या अधिकाराची किंमत तिने सिमेंटच्या रूपाने मोजली. येथे आणखी एक विरोधाभास आहे. वानखेडे स्टेडियमची जमीन राज्य शासनाची असून तिचा भाडेपट्टा २०१८ मध्ये संपला, आणि नूतनीकरणाचा व थकबाकीचा प्रश्न संघटना व शासन ह्यांच्यामध्ये उभा राहिला. एका मालकापासून सुटलेले कूळ दुसऱ्या मालकाच्या जमिनीवर स्थिरावले होते. फरक एवढाच की, दुसरा मालक रोज आसने मागत नसे.

पुण्याचे उदाहरण ह्याच साच्यातील असले तरी त्याचा शेवट निराळा झाला. महाराष्ट्राचा संघ देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. त्यांतील पहिल्या वर्षी हजाऱ्यांनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकरांनी पुणे क्लबाच्या मैदानावर काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावांचा विक्रम केला. दोन्ही पराक्रमांसाठी खास प्रेक्षागाराची गरज पडली नाही. ती गरज आंतरराष्ट्रीय सामन्यांनी निर्माण केली, आणि १९६९ मध्ये स्वारगेटजवळ उभ्या राहिलेल्या नेहरू स्टेडियमने भागविली. हे स्टेडियम पुणे महानगरपालिकेचे. १९८४ मध्ये इंग्लंडविरुद्धचा एकदिवसीय सामना तेथे झाला. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळून जो विजय मिळविला त्याचा साक्षीदार हेच मैदान आहे. २००५ च्या नोव्हेंबरात श्रीलंकेविरुद्धचा सामना हा तेथील अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. महानगरपालिका आणि संघटना ह्यांच्यात पासांच्या वाटणीवरून बेबनाव झाला आणि संघटनेने स्वतःच्या मैदानाचा संकल्प सोडला. मालक खासगी क्लबाऐवजी निर्वाचित महापालिका असल्याने वादाच्या स्वरूपात काही बदल व्हावा अशी अपेक्षा होती. पण क्लबाला सभासद असतात तसे महापालिकेला नगरसेवक असतात, आणि मागणी अखेर तीच राहते.

नवी जागा निवडली ती मावळ तालुक्यातील गहुंजे येथे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत. आराखडा इंग्लंडमधील हॉपकिन्स ह्या वास्तुविशारद संस्थेचा. उद्घाटन झाले १ एप्रिल २०१२ रोजी. कृषकदिनाशी जुळलेली ही तारीख अर्थातच योगायोगाची, पण कुळाचा मालक झाल्याचा दिवस म्हणून ती अगदीच अप्रस्तुत नाही. पुण्याच्या नावाने २०११ मध्ये इंडियन प्रीमियर लीगमध्ये उतरलेल्या पुणे वॉरियर्स संघास पहिले वर्ष नवी मुंबईत काढावे लागले, कारण गहुंजे अद्याप पुरे झाले नव्हते. मैदान तयार झाले आणि दुसऱ्याच वर्षी, २०१३ मध्ये, तो संघ लीगमधून बाहेर पडला. ज्याच्या भरवशावर प्रेक्षागाराच्या उत्पन्नाचे अंदाज बांधावेत असा भाडेकरू इतक्या लवकर नाहीसा व्हावा, हा संघटनेच्या दृष्टीने मोठाच आघात होता. त्याच समूहाशी प्रेक्षागाराच्या नावाबद्दल झालेला करारही टिकला नाही; ठरलेली रक्कम पुरती न आल्याने २०१३ मध्ये नाव उतरविले गेले. कर्जाचे हप्ते मात्र करारांची वाट पाहत नाहीत. २०१८ च्या आरंभी कर्ज देणाऱ्या बँकांनी थकबाकीसाठी प्रेक्षागाराचा प्रतीकात्मक ताबा घेतला. महापालिकेच्या अटींतून सुटलेली संघटना सहा वर्षांच्या आत धनकोच्या अटींत सापडली.

हा दैवाचा फेरा नव्हे. प्रेक्षागार ह्या मालमत्तेच्या स्वभावातच हा धोका आहे. त्याचा खर्च जवळजवळ संपूर्णतः स्थिर स्वरूपाचा असतो, तर उत्पन्न वर्षातील मोजक्या दिवसांवर अवलंबून असते. गहुंज्यास पहिल्या तेरा वर्षांत कसोटी सामने मिळाले ते तीन : २०१७, २०१९ आणि २०२४ मध्ये. त्यांतील पहिला तर तीन दिवसांत आटोपला. ऑस्ट्रेलियाने भारतास १०५ आणि १०७ धावांत बाद केले, आणि खेळपट्टीस सामनाधिकाऱ्यांनी निकृष्ट ठरविले. पाच दिवसांची तिकिटे आणि तीन दिवसांचा खेळ, हा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात आधी धरता येत नाही. २०२१ च्या मार्चमधील इंग्लंडविरुद्धचे तिन्ही एकदिवसीय सामने साथीमुळे रिकाम्या आसनांसमोर खेळले गेले. २०२३ च्या विश्वचषकाचे पाच सामने येथे झाले, हा त्यातल्या त्यात सुगीचा हंगाम. लग्नाचा मांडव बारमाही उभा ठेवावयाचा आणि त्याचे भाडे दोन-चार मुहूर्तांवर वसूल करावयाचे, असा हा व्यवहार आहे.

ह्याच्या उलट बाजूने लंडनच्या आर्सेनल क्लबाचे उदाहरण दाखविले जाते, आणि ते विचारार्ह आहे. त्याच्या हायबरी ह्या जुन्या मैदानावर ३८,००० हून थोडी अधिक आसने होती. २००६ मध्ये सुमारे ३९ कोटी पौंड खर्चून बांधलेल्या नव्या प्रेक्षागारात ती ६०,००० च्या आसपास गेली. येथे मैदानमालकाशी तंटा नव्हता. क्षमता हेच खरे कारण होते, कारण दर पंधरवड्यास भरणाऱ्या सामन्यास आसने कमी पडतात हे वर्षानुवर्षे सिद्ध झालेले होते. तरीही कर्जफेडीच्या काळात क्लबास खेळाडू विकावे लागले, आणि २००५ नंतरचा पहिला मोठा करंडक २०१४ मध्ये हाती आला. वर्षातून पंचवीस-तीस वेळा भरणाऱ्या प्रेक्षागारास जे ओझे नऊ वर्षे जाणवले, ते क्वचित भरणाऱ्या प्रेक्षागारास किती जाणवेल, हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

मैदान हलते तेव्हा संघटनेच्या हिशेबाबाहेरही काही खर्च पडतात, आणि ते ज्यांच्यावर पडतात त्यांस निर्णयात स्थान नसते. जतहून पुण्यास येणाऱ्या प्रेक्षकास अडीचशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा लागतो. सांगली-साताऱ्याकडून येणारी एस्.टी. स्वारगेटला थांबते, आणि नेहरू स्टेडियम तेथून चालण्याच्या अंतरावर आहे. सकाळी उतरावे, सामना पाहावा आणि रात्रीची गाडी धरावी, हे साध्या ऐपतीच्या माणसास शक्य होते. गहुंजे पुण्याच्या मध्यापासून वीस किलोमीटरांहून दूर. द्रुतगती मार्ग मोटारवाल्यांस सोयीचा, पण त्या मार्गावर एस्.टी.तून उतरून पायी निघालेल्या प्रवाशास तो काहीच उपयोगाचा नाही. दिवसरात्रीचा सामना संपल्यावर परतीच्या गाडीपर्यंत पोहोचणे हा एक स्वतंत्र प्रवास होतो. ज्या जिल्ह्यांच्या प्रतिनिधींनी संघटना बनलेली आहे त्यांतील सामान्य प्रेक्षकासाठी मैदान आपले झाले, पण दूर गेले. तिकिटावर छापलेली किंमत तीच राहिली तरी त्याला पडणारी किंमत वाढते. मालकी आणि सान्निध्य ह्या दोन गोष्टी एकत्र मिळत नाहीत, कारण शहराच्या मध्यावरील जमीन बहुधा आधीच दुसऱ्या कोणाची तरी असते.

दुसरा खर्च पाण्याचा. हिरवळ राखण्यास उन्हाळ्यात पाणी लागते, आणि लीगचे सामने नेमके एप्रिल-मे महिन्यांत येतात. २०१६ च्या दुष्काळात हा प्रश्न न्यायालयात गेला. ११ एप्रिल रोजी सांगली जिल्ह्यातील मिरज स्थानकावरून कृष्णेचे पाणी भरलेली पहिली रेल्वेगाडी लातूरकडे निघाली. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे लीगचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. पुण्याचे उरलेले यजमानसामने विशाखापट्टणमला गेले. मैदानाची मालकी, आसनांचा अधिकार, वाटपाचे स्वातंत्र्य ही सर्व हाती असूनही सामना हलला, कारण पाण्यावर संघटनेची मालकी नव्हती. जतसारख्या तालुक्यातून पाहणाऱ्यास ह्या आदेशाचा अर्थ समजावून देण्याची गरज पडली नसेल. २०२४ च्या ऑक्टोबरात न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीच्या पहिल्या दिवशी गहुंज्याच्या उन्हात बसलेल्या प्रेक्षकांसच पिण्याचे पाणी पुरेसे मिळाले नाही, आणि संघटनेस जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. नगरपालिकेचे मैदान असते तर दोष नगरपालिकेवर ढकलता आला असता. स्वतःच्या मैदानात ती सोय उरत नाही.

आता फुटबॉलकडे वळले असता ह्या विवेचनाची कसोटी पाहता येते. तंट्याचे मूळ आसनांच्या दुर्मिळतेत असेल, तर जेथे आसने दुर्मिळ नाहीत तेथे मालकीसाठी स्थलांतर होऊ नये. मुंबई सिटी ह्या २०१४ मध्ये स्थापन झालेल्या क्लबाने पहिली दोन वर्षे नवी मुंबईतील नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये काढली. तेथे पन्नास हजारांहून अधिक आसने आहेत. २०१६ मध्ये क्लब अंधेरीच्या क्रीडासंकुलात आला, आणि तेथील प्रेक्षकक्षमता त्याच्या एक-पंचमांशाहूनही कमी. क्षमतेसाठी स्थलांतर होते हा समज येथे पूर्णपणे उलटा पडतो. मोठ्या प्रेक्षागारात विखुरलेले दहा हजार प्रेक्षक म्हणजे ओसाडी. लहान मैदानात त्याहून कमी प्रेक्षकही गर्दी ठरतात. शिवाय अंधेरी हे उपनगरांतील दाट वस्तीच्या मध्यभागी आहे. क्लब नेरूळला भाडेकरू होता तसा अंधेरीलाही राहिला. अंधेरीचे संकुल महानगरपालिकेचे आहे. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकसमूहाने क्लबातील बहुसंख्य भाग विकत घेतला आणि त्यानंतर क्लबाने लीगची विजेतेपदेही मिळविली; पण वानखेडे किंवा गहुंजे ह्यांच्यासारखे स्वतःचे प्रेक्षागार त्याने उभारले नाही. पासांसाठी दाराशी झुंबड नाही, तेथे पासांच्या वाटपाचा अधिकार विकत घेण्यास कोणी कर्ज काढीत नाही.

कोल्हापूर हा मात्र ह्या नियमास अपवाद वाटतो. तेथे फुटबॉलचे वेड मुंबईपेक्षा कितीतरी अधिक आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब ह्यांच्या लढतींस राजर्षी शाहू स्टेडियम तुडुंब भरते. आसने दुर्मिळ, ईर्षा पराकोटीची, आणि तरीही कोणत्याही तालमीने स्वतःच्या प्रेक्षागाराची भाषा केल्याचे दिसत नाही. ह्याचे कारण दुहेरी आहे. एक तर मैदान आणि स्पर्धा ही दोन्ही कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्याच हाती आहेत. ब्रेबर्नला किंवा नेहरू स्टेडियमला जी फाळणी झाली ती येथे झालेलीच नाही. दुसरे असे की, संघाचे घर मैदानावर नसून पेठेत आहे. खंडोबाचा माणूस स्टेडियमच्या कोणत्याही बाजूस बसला तरी तो खंडोबाचाच. त्याच्या निष्ठेचे ठिकाण तालमीची इमारत, तेथला आखाडा आणि तेथला गणपती हे होय. इंग्लंडमधील क्लब आपले मैदान हलवितो तेव्हा तो आपले घर हलवितो. कोल्हापूरच्या तालमीस हलविण्याजोगे घर स्टेडियममध्ये नसतेच. राजाश्रयाचा वारसा जतप्रमाणे कोल्हापुरासही होता. जतमध्ये आश्रय संपताच व्यवस्था विरली. कोल्हापुरात ती तालमींच्या रूपाने आधीच लोकांच्या हाती गेलेली होती, म्हणून टिकली.

सोडून दिलेल्या मैदानांचे पुढे काय होते, हा ह्या विषयाचा दुर्लक्षित भाग आहे. हायबरीच्या जागी निवासी सदनिका झाल्या, आणि मधली हिरवळ बाग म्हणून राहिली. एव्हर्टनने २०२५ मध्ये, एकशे तेहेतीस वर्षांनंतर, गुडिसन पार्क सोडून गोदीकाठच्या नव्या प्रेक्षागारात मुक्काम हलविला, आणि जुने मैदान त्याच क्लबाच्या महिला संघास मिळाले. ब्रेबर्न रिकामे पडले नाही, कारण ते एका क्लबाचे घर होते. २००९ च्या डिसेंबरात, विश्वचषकासाठी वानखेडेची पुनर्बांधणी चालू असताना, श्रीलंकेविरुद्धचा कसोटी सामना छत्तीस वर्षांच्या खंडानंतर तेथे परतला आणि वीरेंद्र सेहवागने २९३ धावा केल्या. २०१३ च्या महिला विश्वचषकाचा अंतिम सामनाही ब्रेबर्नवर झाला. वानखेडेवर त्या सुमारास रणजीची अंतिम लढत व्हावयाची असल्याने महिलांचे तेथील सामने हलविले गेले होते. म्हणजे कोणते मैदान कोणास मिळावे, ह्याचा एक अलिखित क्रम असतो आणि त्यात महिलांचा क्रमांक शेवटी लागत आला आहे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी मात्र मुंबई सिटीने नऊ वर्षांपूर्वी सोडलेल्या नेरूळच्या त्याच विस्तीर्ण स्टेडियममध्ये महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. भारताने दक्षिण आफ्रिकेस बावन्न धावांनी हरविले. भारताची सलामीची फलंदाज होती सांगलीत वाढलेली आणि महाराष्ट्र संघटनेकडून खेळलेली स्मृती मानधना. फुटबॉलला जी आसने भरता आली नव्हती त्यांपैकी त्या रात्री क्वचितच एखादे रिकामे असेल.